प्रेमिकांच्या सोंगांच्या लोककथा : कशा ऐकाव्यात, कशा टिपाव्यात, कशा सांगाव्यात

नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला वेषांतराच्या प्रेमकथा शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. मालेगावजवळ गिरणेच्या काठी चंदनपुरी आहे आणि जेजुरीचा खंडेराया बाणाईपायी याच गावी धनगराच्या घरी चाकर होऊन राहिला, अशी श्रद्धा आहे. पंचवटीत शूर्पणखा रामापुढे आली ती अनेक कथनांत सुंदर स्त्रीचे रूप घेऊन आली. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या गौतम ऋषींचेच रूप इंद्राने अहल्येसाठी घेतले. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर बोहाडा या सोंगांच्या उत्सवात अजूनही मुखवटे चढवून सोंगे नाचतात. एवढे सगळे हाताशी असूनही या कथा लिहून काढणारे विद्यार्थी, वर्गात गोष्ट सांगणारे शिक्षक आणि कीर्तनाची तयारी करणारे नवे लोक बहुधा एकाच जागी अडतात. सोंगाचे वर्णन ते हौसेने रंगवतात, दाढी, जटा, घोंगडी, काठी सगळे आणतात, पण पुढे कथा पडते.

याचे कारण असे की सोंग हा या कथांचा केवळ आरंभ असतो. कथा चालते ती ओळखीवर. ओळख कोणाला पटली, केव्हा पटली आणि कशावरून पटली, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याने नीट धरली त्याला अशी कोणतीही कथा टिपता येते, दुसऱ्या कथेशी ताडून पाहता येते आणि सांगताही येते. पुढे जे सुचवले आहे ते सगळे या तीन प्रश्नांच्या आधाराने सुचवले आहे.

आधी एक कथा पुरती उकलावी

गावोगाव फिरण्यापूर्वी घरी बसून एक परिचित कथा उकलण्याचा सराव करावा. त्यासाठी महाभारताच्या वनपर्वातील नळ-दमयंतीची कथा घ्यावी, कारण तिच्यात सोंग ओळखण्याचे दोन प्रसंग आहेत आणि दोन्ही वेळा ओळखणारी एकच आहे.

पहिला प्रसंग स्वयंवराचा. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नळाचे रूप घेऊन बसले आहेत आणि दमयंतीपुढे पाच नळ आहेत. ती गोंधळते, मग आपल्या निष्ठेची साक्ष देऊन देवांनाच विनवते आणि तेव्हा त्यांच्या खुणा तिला दिसू लागतात. चौघांच्या अंगाला घाम नाही, पापण्या लवत नाहीत, माळा टवटवीत आहेत, अंगावर धूळ नाही आणि पाय भुईला टेकलेले नाहीत. पाचव्याची मात्र सावली पडली आहे, त्याची माळ कोमेजली आहे, तो धुळीने आणि घामाने माखला आहे. तिने माळ घातली ती या घामट, सावली असलेल्या माणसाला. सांगणाऱ्याने या ठिकाणी हे हेरावे की खूण कोणत्याही दागिन्यात किंवा अंगठीत नाही, ती मर्त्य असण्यातच आहे.

दुसरा प्रसंग पुष्कळ वर्षांनंतरचा आहे. द्यूतात राज्य गमावलेला नळ पत्नीला अरण्यात सोडून गेला, कर्कोटक नागाच्या दंशाने त्याचे रूप विद्रूप झाले आणि बाहुक या नावाने तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी होऊन राहिला. दमयंती माहेरी, विदर्भात कुंडिनपुरात आहे. अमरावती जिल्ह्यातले कौंडिण्यपूर ते हेच असे मानले जाते. तिने जागोजागी ब्राह्मण पाठवले आणि त्यांच्या तोंडी एकच प्रश्न दिला : अर्धे वस्त्र कापून घेऊन झोपलेल्या बायकोला टाकून जाणाऱ्या जुगाऱ्या, तू कुठे आहेस? अयोध्येत या प्रश्नाला एका कुरूप सारथ्याने उत्तर दिले. इतक्यावर दमयंतीने धाव घेतली नाही. तिने ऋतुपर्णाला निरोप धाडला की दमयंतीचे दुसरे स्वयंवर उद्या सूर्योदयाला आहे. शंभर योजने एका दिवसात तोडू शकेल असा सारथी एकच, हे तिला ठाऊक होते. म्हणजे नवऱ्याचे सोंग उघडे पाडण्यासाठी बायकोने खोट्या स्वयंवराचा डाव टाकला, आणि डाव टाकणाऱ्यावरच डाव उलटवण्याची ही तऱ्हा पुढे असंख्य लोककथांत भेटते.

रथ आल्यावरही ती थांबते. केशिनी नावाच्या दासीला ती बाहुकावर नजर ठेवायला सांगते. केशिनी येऊन सांगते की ठेंगणे दार त्याच्यासाठी उंच होते, त्याने नुसते पाहिले तरी रिकामी भांडी पाण्याने भरतात, गवताची मूठ उन्हात धरली की पेट घेते, विस्तव त्याला भाजत नाही आणि चुरगळलेली फुले त्याच्या हातात अधिकच फुलतात. मग दमयंती त्याने शिजवलेले मांस मागवून चाखते. मग आपली दोन्ही मुले त्याच्याकडे पाठवते, आणि मुलांना पाहताच तो रडतो. तेव्हा कुठे समोरासमोर भेट होते.

हा क्रम वहीत तीन टप्प्यांत मांडावा : शंका, परीक्षा, कबुली. ब्राह्मणाने आणलेले उत्तर ही शंका, स्वयंवराचा डाव, केशिनीची नजर, रांधलेल्याची चव आणि मुलांची भेट या परीक्षा, त्यानंतर कबुली. बहुतेक नवशिके परीक्षेचा भाग एका वाक्यात उरकतात आणि थेट कबुलीवर येतात. श्रोता गुंतलेला असतो तो नेमका परीक्षेत, म्हणून कथेचा निम्मा वेळ तिथे गेला तरी हरकत नाही.

वहीत काय लिहावे

प्रत्येक कथेसाठी वहीची दोन पाने राखून ठेवावीत. डाव्या पानावर कथा जशी ऐकली तशी लिहावी. उजव्या पानावर सोंग कोणी घेतले, कशाचे घेतले, कोणापासून लपवायचे होते, कोणाला आधीपासून ठाऊक होते, ओळख कशावरून पटली आणि ओळख पटल्यावर सोंग घेणाऱ्याने काय गमावले किंवा मिळवले, याची नोंद करावी. शेवटचा मुद्दा सहसा विसरला जातो, म्हणून तो वेगळ्या शाईने लिहावा. याशिवाय सांगणाऱ्याचे गाव, भाषा, तारीख आणि प्रसंग यांची नोंद पानाच्या माथ्यावर असू द्यावी.

या पद्धतीचा उपयोग कसा होतो ते खंडोबा-बाणाई आणि शिव-भिल्लीण या दोन कथा शेजारी ठेवल्या की लगेच दिसते. खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळतात, खंडोबा हरतो आणि पैजेप्रमाणे त्याला बारा वर्षे घर सोडून जावे लागते. तो चंदनपुरीला येतो, म्हातारा, गबाळा चाकर बनतो आणि बाणाईच्या बापाची मेंढरे राखू लागतो. काही कथनांत त्याच्या हातून मेंढरे मरतात, बाणाईच्या घरी हाहाकार होतो, आणि मेंढरे जिवंत करून देण्याच्या बदल्यात तो बाणाईचा हात मागतो; भंडारा उधळताच कळप उठून उभा राहतो. आता दुसरी कथा पाहावी. शिव आणि पार्वती सारीपाट खेळतात, शिव सर्वस्व हरतो आणि रुसून अरण्यात जातो. पार्वती भिल्लिणीचे रूप घेऊन त्याच्यापुढे गाते, नाचते, त्याला आपल्यामागे यायला लावते आणि शेवटी ती कोण आहे हे उघड होते. श्रीधरांच्या शिवलीलामृतात ही कथा आहे आणि म्हणून ती असंख्य घरांत पारायणाच्या निमित्ताने वाचली जाते.

दोन्हींचा आरंभ एकच आहे : सारीपाट, नवऱ्याची हार, नवऱ्याचे घर सोडणे. फरक पुढे पडतो. पहिल्या कथेत नवरा सोंग घेऊन दुसऱ्या स्त्रीकडे जातो. दुसऱ्या कथेत बायकोच सोंग घेऊन ती दुसरी स्त्री बनते. म्हाळसा आणि बाणाई यांच्यातली भांडणाची गाणी वाघ्या-मुरळी आजही रंगवून म्हणतात, कारण पहिल्या कथेत सवत खरोखर घरात येते. भिल्लिणीच्या कथेत सवत येऊ शकत नाही, तिची जागा आधीच भरलेली असते. उजव्या पानावरच्या शेवटच्या नोंदीतून एवढे निघते, आणि ते निघाले की दोन्ही कथा सांगण्याचा सूर आपोआप वेगळा लागतो.

सोंग घेणारा पायरीने खाली उतरतो की वर चढतो, हेही उजव्या पानावर जरूर लिहावे. देव चाकर होतो, राजा सारथी होतो, जगन्माता रानातली भिल्लीण होते. पंजाबातल्या हीरच्या कथेत रांझा आधी तिच्या बापाची गुरे राखतो आणि तिचे लग्न दुसरीकडे झाल्यावर कानफाट्या जोगी होऊन तिच्या दारी जातो. तमिळ प्रदेशात मुरुगन वळ्ळीसाठी शिकारी आणि म्हातारा होतो. जो प्रेमापायी खाली उतरला त्याला कथा मान देते. वर चढणाऱ्याचे मात्र कथा हसे तरी करते किंवा त्याला शिक्षा तरी करते. पंचतंत्रातला एक विणकर सुताराने बनवून दिलेल्या लाकडी गरुडावर बसून विष्णू म्हणून राजकन्येच्या महालात उतरतो. तो शेवटी वाचतो, पण तेही खऱ्या विष्णूला आपल्या नावाची लाज राखायची असते म्हणून. शूर्पणखेचे काय झाले ते पंचवटीत राहणाऱ्याला सांगायला नको. हा नियम सरसकट लागू होतो असे माझे म्हणणे नाही, पण अपवाद सापडला की तो का आहे हे शोधणे फार लाभाचे ठरते.

असा ठळक अपवाद म्हणजे अर्जुनाने सुभद्रेसाठी घेतलेला संन्यासी वेष. भागवताच्या दशम स्कंधात आणि पुढे १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या किर्लोस्करांच्या सौभद्रातही अर्जुन यती होतो. यती हा पायरीने वरही नाही आणि खालीही नाही, तो पायऱ्यांच्या बाहेरचा आहे, आणि म्हणूनच त्याला कोणत्याही घराचे दार उघडे असते. युक्तीचे मर्म त्याच्या भगव्या वस्त्रांपेक्षा पावसाळ्यात आहे. चातुर्मासात संन्याशाने भटकू नये, एका ठिकाणी राहावे असा दंडक आहे आणि अशा यतीला घरी बोलावून भिक्षा घालणे हे गृहस्थाचे पुण्य आहे. बलराम हे पुण्य जोडायला जातो आणि बहिणीच्या प्रियकराला स्वतःच घरात आणतो. युक्ती टिपताना ती कोणत्या रूढीच्या खांद्यावर उभी आहे हे असे शोधावे. रुक्मिणी लग्नाआधी देवीच्या दर्शनाला बाहेर पडते तीही कुळाची रीत म्हणूनच, आणि त्या रीतीच्या आडूनच तिचे हरण होते.

जागरणात आणि बोहाड्यात

छापील आवृत्त्यांसाठी नाशिकमध्ये १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे, आणि ज्याला आधी वाचून मग ऐकायचे आहे त्याने तिथून सुरुवात करावी. पण बाणाईची कथा ऐकायची ती जागरणातच. ज्या घरांचे कुलदैवत खंडोबा आहे तिथे लग्नानंतर किंवा नवस फेडताना जागरण घालतात. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीच्या सुमारास आणि पौष पौर्णिमेला चंदनपुरीच्या यात्रेत वाघ्या-मुरळी हमखास भेटतात. कोणाच्या घरच्या जागरणाला जायचे असेल तर आधी यजमानांना विचारावे आणि मग वाघ्याला. दोघांनी होकार दिला तरच मोबाईल बाहेर काढावा. देवाचे कार्य चालू असते, तो आपल्यासाठी मांडलेला कार्यक्रम नसतो, हे सतत ध्यानात ठेवले की बाकीचे शिष्टाचार वेगळे शिकवावे लागत नाहीत.

ध्वनिमुद्रणाबाबत एक साधी गोष्ट सांगण्याजोगी आहे. दिमडीचा आवाज जवळून फार कडक येतो आणि घाटीचा, म्हणजे छोट्या घंटेचा, नाद त्यावर चढतो, त्यामुळे मोबाईल वाद्यांच्या बाजूला ठेवला की शब्द बुडतात. मुख्य गाणाऱ्याच्या समोर, हातभर अंतरावर, घडी घातलेल्या पंचावर किंवा रुमालावर तो ठेवावा. सतरंजीवर थेट ठेवला तर नाचणाऱ्या पावलांचे धक्के त्यात उतरतात. आवाहनाची पदे आधी होतात आणि कथाभाग रात्र चढल्यावर रंगतो, तेव्हा मोबाईलची बॅटरी उत्तररात्रीसाठी राखून ठेवावी.

मध्येच प्रश्न विचारू नयेत. जागरण आटोपल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, वाघ्याला निवांत भेटून तीच कथा साध्या बोलण्यात सांगायला विनवावी. प्रश्न कसे विचारायचे यावर पुष्कळ अवलंबून असते. “ही गोष्ट खरी आहे का?” हा प्रश्न पूर्णपणे वर्ज्य समजावा, कारण त्याचे उत्तर कोणत्याही बाजूने आले तरी संभाषण तिथेच संपते. त्याऐवजी असे विचारावे : “बुवा, हा नुसता गडी नव्हे हे बाणाईला पहिल्यांदा कधी वाटलं?” या प्रश्नाने सांगणारा शंकेच्या टप्प्यावर येतो आणि गाण्यात न आलेले तपशील बाहेर पडतात. दुसरा उपयोगी प्रश्न : “म्हाळसेला कोणी सांगितलं?” तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत फलदायी : “तुमच्या गुरूंनी हे असंच सांगितलं होतं का?” एखादा भाग त्यांनी सांगायचा नाही असे म्हटले तर आग्रह धरू नये आणि ती नकाराचीही नोंद वहीत असावी. बिदागी आधीच ठरवून, पाकिटात घालून, निघताना द्यावी.

मालेगाव, सटाणा, बागलाण या पट्ट्यात सांगणारा अहिराणीत बोलेल. त्याला प्रमाण मराठीत बोलायला लावू नये. उच्चार कानाला जसा आला तसाच देवनागरीत लिहावा आणि अर्थ शेजारी द्यावा. सुरगाणा आणि पेठ भागात कोकणा बोलीचे हेच पथ्य आहे. तिकडच्या बोहाड्यात कथा शब्दांपेक्षा मुखवट्यातून आणि चालीतून सांगितली जाते, म्हणून तिथे कोणते सोंग कोणाच्या पाठोपाठ आले, कोणत्या वाजंत्रीवर नाचले आणि सोंग घेणारा घराणे म्हणून तेच सोंग घेतो का, हे विचारून टिपावे.

शब्दांची सोंगे

प्रेमिक नेहमी कपडे बदलूनच फसवतात असे नाही. पांडवलेण्यांत ज्यांचे शिलालेख आहेत त्या सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत गोदेच्या काठची एक गाथा आहे. एक स्त्री कुण्या धार्मिक गृहस्थाला सांगते की आता इथे खुशाल हिंडा, तुम्हांला त्रास देणारे ते कुत्रे आज गोदेकाठच्या झाडीत राहणाऱ्या मस्त सिंहाने मारले. वरवर हा दिलासा आहे. प्रत्यक्षात त्या झाडीत तिची आणि प्रियकराची भेटण्याची जागा आहे, फुले तोडायला येणारा हा सज्जन तिथे नको आहे, आणि कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाचे नाव ऐकल्यावर पुन्हा त्या वाटेला फिरकणार नाही. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनी, म्हणजे शब्दांआडून सुचणारा अर्थ, काय असतो हे समजावताना ही गाथा उदाहरणाला घेतली. त्याच संग्रहातली दुसरी नायिका पांथस्थाला दिवसाउजेडी अंथरुणे दाखवते : इथे सासू झोपते, इथे मी, नीट पाहून ठेव, रात्री चुकून माझ्या अंथरुणावर पडशील.

अशी उक्ती टिपताना दोन ओळी लिहाव्यात. पहिलीत शब्द काय बोलले गेले ते, दुसरीत ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्यातून काय कळले ते. सासूला एक कळते, पांथस्थाला दुसरे, वाचकाला दोन्ही. जात्यावरच्या ओव्यांत आणि लावणीतही अशी दुहेरी बोलणी जागोजागी आहेत, तेव्हा केवळ कथांवर समाधान मानू नये.

फसवणूक कोणाची, याचा हिशेब

सगळीच सोंगे प्रेमाची नसतात, आणि ती तशी सांगूही नयेत. इंद्र-अहल्येची कथा घ्यावी. वाल्मीकीच्या बालकांडात अहल्येने गौतमाच्या वेषातला इंद्र ओळखलेला असतो आणि तरीही ती होकार देते. नंतरच्या अनेक कथनांत ती पूर्णतः फसवली जाते. सोंग तेच, रूप तेच, ऋषी तेच, पण ओळख केव्हा पटली एवढी एकच गोष्ट बदलताच अहल्या दोषी की निर्दोष हे बदलते आणि शापाचा अर्थही बदलतो. म्हणून ही कथा कोणी सांगितली तर ती कोणत्या वळणाची आहे हे आधी विचारून घ्यावे. जालंधराच्या रूपाने विष्णू त्याच्या बायकोकडे, वृंदेकडे जातो त्या कथेत तर वृंदेला ओळख फार उशिरा पटते आणि ती देवालाच शाप देते. आपण कार्तिकात तुळशीचे लग्न हौसेने लावतो, पण त्याच्यामागची ही फसवणूक सांगताना वृंदेचा शाप गाळून टाकणे मला योग्य वाटत नाही. कथेने स्वतःच त्या कृत्याला उत्तर दिलेले आहे आणि ते सांगणाऱ्याने लपवू नये.

उलट बाजूला देवस्मितेची कथा आहे, आणि ती सांगायला मिळाली तर सोडू नये. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात ती येते. देवस्मितेचा नवरा गुहसेन ताम्रलिप्तीहून व्यापारासाठी कटाह द्वीपाला जातो. दोघांकडे एकेक लाल कमळ आहे आणि एकाची निष्ठा ढळली तर दुसऱ्याच्या हातातले कमळ कोमेजेल अशी देवाची खूण आहे. कमळाची गोष्ट कळताच चार व्यापारीपुत्र देवस्मितेला वश करायला ताम्रलिप्तीला येतात आणि एका भिक्षुणीची मदत घेतात. देवस्मिता डाव ओळखते. आपली दासी आपल्या वेषात बसवते, चौघांना एकामागून एक धोतरा घातलेले मद्य पाजते, त्यांच्या कपाळावर कुत्र्याच्या पंजाचा डाग देते आणि उकिरड्याच्या खड्ड्यात फेकून देते. कोणीही लाजेने दुसऱ्याला सांगत नाही. यानंतर ती पुरुषाचा, व्यापाऱ्याचा वेष करून कटाहला जाते आणि तिथल्या राजाला सांगते की माझे चार पळालेले दास तुमच्या नगरात आहेत. चौघे प्रतिष्ठित व्यापारी, डोक्याला फडकी गुंडाळून दरबारात उभे आहेत. ती म्हणते, कपाळ पाहा. फडकी सुटतात आणि पंजे दिसतात.

या कथेत खूण एकीकडे कमळात आहे आणि दुसरीकडे कपाळावर. सोंग दासीचेही आहे आणि बायकोचेही. आणि फसवायला आलेल्यांच्याच अंगावर कायमची ओळख डागली जाते. लोककथांतल्या कथाबीजांना क्रमांक देणाऱ्या, अमेरिकन अभ्यासक स्टिथ थॉम्पसनच्या कथाबीज-सूचीत वेषांतराने केलेली फसवणूक के १८०० ते १८९९ या गटात, फसवून जुळवलेले लग्न वा वश करणे के १३०० च्या गटात आणि ओळखीच्या परीक्षा एच विभागाच्या आरंभी आहेत. महाविद्यालयीन प्रकल्पासाठी हे क्रमांक नोंदवावेत; गोष्ट सांगणाऱ्याला त्यांची गरज नाही.

सांगताना

सोंगामागे कोण आहे हे श्रोत्याला पहिल्यापासून सांगून टाकावे. रहस्य राखण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण वाघ्या तो कधी धरत नाही. तो सुरुवातीलाच सांगतो की हा गडी म्हणजे मल्हारी आहे, आणि मग बाणाई त्या गड्याला रागे भरते तेव्हा मांडवातले सगळे हसतात. श्रोत्याला ठाऊक आणि पात्राला ठाऊक नाही, या अंतरातच गंमत आहे. ज्या खुणेवरून पुढे ओळख पटणार आहे ती मात्र आरंभी सहज, न ठासता, एकदा पेरून ठेवावी. नळ उत्तम स्वयंपाक करतो हे लग्नाच्या प्रसंगातच देवांच्या वराच्या निमित्ताने सांगून ठेवले नाही, तर दमयंतीने मांस चाखले तेव्हा श्रोत्याला काहीच वाटणार नाही.

सोंग घेतलेले पात्र बोलू लागले की आवाज पूर्ण बदलू नये. थोडा बदलावा आणि एखाद्या शब्दाला मूळ आवाज फुटू द्यावा. म्हाताऱ्या गड्याच्या तोंडी मध्येच राजाचा रुबाब डोकावला की श्रोते एकमेकांकडे पाहतात, आणि तेवढे पुरते.

शाळेच्या स्नेहसंमेलनात ही कथा बसवायची असेल तर एक पथ्य कडकपणे पाळावे. भिल्लीण म्हणजे काळा रंग फासलेला चेहरा आणि पिसे, धनगर म्हणजे वेंधळा आणि बोबडा, अशी सोंगे मुलांना देऊ नयेत. नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी वर्गांत भिल्ल आणि धनगर घरांतली मुले बसलेली असतात. शिवाय कथेचा आशयही त्याच्या उलट आहे : कैलासाच्या राणीला नवऱ्याला परत आणण्यासाठी भिल्लीण व्हावे लागले आणि मल्हारीला बाणाईच्या बापाची चाकरी करावी लागली. साधे लुगडे, खरी घोंगडी, हातात काठी एवढ्यावर भागते. मोठ्या मुलांसमोर अहल्या किंवा वृंदा यांची कथा घ्यावी आणि तिच्यानंतर चर्चेला वेळ ठेवावा. लहानांसाठी नळ-दमयंती आणि बाणाई पुरेशा आहेत.

दोन वाघ्यांनी बाणाईला ओळख पटल्याची दोन वेगळी कारणे सांगितली तर त्यांतले खरे कोणते हे ठरवत बसू नये आणि दोन्ही मिसळून तिसरे कथनही तयार करू नये. दोन्ही नोंदी आपापल्या गावाच्या नावाने ठेवाव्यात, आणि ज्या गावात गोष्ट सांगायची असेल तिथल्या जवळच्या गावाची खूण घ्यावी. लिहून झालेली प्रत छापण्याआधी किंवा कुठेही टाकण्याआधी सांगणाऱ्याला वाचून दाखवावी, त्याने सुचवलेल्या दुरुस्त्या वेगळ्या रंगात कराव्यात, आणि एक स्वच्छ प्रत ध्वनिमुद्रणासह त्याच्या घरी पोहोचती करावी.